क्लायोनी

थंड समुद्रांत तरंगत-पोहत राहणारी, प्रौढपणी शंख नसलेली छोटी गोगलगाय. मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग. शास्त्रीय नाव क्लायोनी लिमासिना. पावसाळ्यात नाशिक परिसरातल्या भाजीच्या वाफ्यांत शिरणारी बिनशंखाची गोगलगाय हिच्याच वर्गातली, पण नाते लांबचे. गोदावरी ज्या बंगालच्या उपसागराला मिळते, तिथल्या उबदार पाण्यात क्लायोनी आढळत नाही. तिचे क्षेत्र उत्तर ध्रुवसागर व उत्तर अटलांटिक.

नामकरणाचा गुंता जुना आहे. १७७३ च्या उत्तर ध्रुव मोहिमेचा प्रमुख फिप्स याने १७७४ च्या ग्रंथात हिला ‘क्लायो लिमासिना’ आणि तिचे भक्ष्य असलेल्या दुसऱ्या, शंखवाल्या गोगलगाईला ‘क्लायो हेलिसिना’ म्हटले. त्याच वर्षी निसर्गशास्त्रज्ञ पालास याने ‘क्लायोनी’ ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) मांडली. म्हणून आज प्रजातीचे नाव पालासचे, जातीचे फिप्सचे. पुढे भक्ष्याची प्रजाती ‘लिमासिना’ ठरली, त्यामुळे शिकारी आणि सावज यांची नावे वाचताना घोटाळा होतो. (मूळ लॅटिन शब्द ‘लिमॅक्स’, म्हणजे बिनशंखी गोगलगाय.) पहिले वर्णन त्याआधीचे, १६७१ मध्ये उत्तर ध्रुवसागरातील स्पिट्सबर्गेन बेटाला गेलेल्या मार्टेन्सचे असावे, असे मानतात. दक्षिण ध्रुवाकडील क्लायोनी याच जातीत धरण्याचा जुना प्रघात होता. ती वेगळी जात मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

शरीर पारदर्शक, आतील पचनग्रंथी नारिंगी-तांबूस. लांबी बहुधा १ ते ३ सेंमी.; उत्तरेकडे ७ सेंमी.च्या वरही. पायाच्या भागापासून झालेले दोन पंख हलवून ती पोहते. अंड्यातून बाहेर पडल्यावर डिंभकाला (पिलाच्या पहिल्या अवस्थेला) शंख असतो, तो काही दिवसांतच गळतो. प्राणी उभयलिंगी.

प्रौढ क्लायोनी ही ‘लिमासिना’ या भक्ष्याखेरीज जवळपास काही खात नाही. भक्ष्य सापडताच डोक्यातून शंकूसारख्या सोंडांच्या ३ जोड्या बाहेर येतात, शंख पकडून फिरवतात आणि आतला जीव आकड्यांनी ओढून काढतात. शांत दिसणाऱ्या या प्राण्याचे हे रूप अनपेक्षित आहे. एकाच भक्ष्यावर अवलंबून असूनही ती उपासमार सोसते. साठवलेल्या चरबीवर प्रयोगशाळेत ती जवळपास वर्षभर जगली आहे.

दक्षिणेकडील जातीत टेरोइनोन नावाचे माशांना न रुचणारे द्रव्य असते. हायपेरिएला हा छोटा कवचधारी प्राणी तिला पाठीवर धरून फिरतो, म्हणजे मासे त्यालाही टाळतात. लिमासिनाचा शंख ॲरॅगोनाइट या चुन्याच्या खनिजाचा असल्याने समुद्राच्या वाढत्या आम्लतेत तो विरघळू लागतो. शिकाऱ्याची चिंता तिथून सुरू होते.