लष्करी चाचण्यांमधली स्पेक्ट्रमची काटकसर

नवीन लढाऊ विमान किंवा क्षेपणास्त्र चाचणीला उडतं तेव्हा त्यात बसवलेले सेन्सर तापमान, दाब, कंपनं, पंखांवरचा ताण असलं सगळं सतत मोजत असतात आणि ते आकडे त्याच क्षणी रेडिओवरून खाली येत असतात, याला टेलीमेट्री म्हणतात. नुसतं विमानातल्या रेकॉर्डरवर साठवून भागत नाही, कारण पंख थरथरायला लागले तर खाली स्क्रीनसमोर बसलेल्या इंजिनियरने ते ओळखून पायलटला लगेच थांबवायचं असतं, आणि क्षेपणास्त्राचा रेकॉर्डर तर बहुतेकदा परतच येत नाही. म्हणजे रेडिओ लागतोच, आणि रेडिओला स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ फ्रिक्वेन्सींची जागा लागते, ती मोजकीच.

अमेरिकेत या कामासाठी मुख्यतः १४३५ ते १५२५, २२०० ते २२९० आणि २३६० ते २३९५ मेगाहर्ट्झ हे पट्टे वापरतात. ऐकायला भरपूर वाटतं पण ३०,००० फुटांवरच्या विमानाचा सिग्नल सपाट जमिनीवर तीनशे किलोमीटरच्या पलीकडेही पोचतो, त्यामुळे एकाने घेतलेली फ्रिक्वेन्सी आसपासच्या कुणालाच वापरता येत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात एडवर्ड्स, चायना लेक आणि पॉइंट मुगू ही तीन मोठी चाचणी केंद्रं इतकी जवळ आहेत की फ्रिक्वेन्सी वाटप आपापसात ठरवल्याशिवाय उड्डाणच होत नाही.

त्यात जागा कमी होत गेली. १९९७ मध्ये २३२० ते २३४५ मेगाहर्ट्झ सॅटेलाइट रेडिओला गेला, आणि २०१५ च्या जानेवारीत संपलेल्या लिलावात १७५५ ते १७८० चा पट्टा इतर पट्ट्यांबरोबर मोबाइल कंपन्यांना विकला गेला, त्या लिलावात एकूण जवळपास ४५ अब्ज डॉलरच्या बोली लागल्या. एवढा पैसा समोर दिसला की लष्कराचं म्हणणं कोण ऐकतंय. निदान लष्कराने दुसऱ्या पट्ट्यात जाण्याचा खर्च लिलावाच्या पैशातूनच भरून मिळतो, तशी कायद्यात २००४ पासून सोय आहे.

उलट डेटा मात्र वाढतच गेला. मग पहिला उपाय म्हणजे मॉड्युलेशन, म्हणजे रेडिओ लहरीवर डेटा बसवायची पद्धत, बदलणं. जुनी पद्धत पीसीएम-एफएम, मजबूत पण जागाखाऊ, सेकंदाला १० मेगाबिट पाठवायचे तर सुमारे ११.६ मेगाहर्ट्झ रुंदी लागते. एसओक्यूपीएसके-टीजी नावाच्या पद्धतीत तेच काम ७.८ मध्ये होतं आणि एआरटीएम सीपीएममध्ये ५.६ मध्ये. तिन्ही आयरिग १०६ या टेलीमेट्रीच्या मानकात आहेत. एसओक्यूपीएसके चांगली रुजली त्याचं कारण फार साधं आहे, तिच्या सिग्नलची उंची कायम एकसारखी राहते, त्यामुळे विमानातल्या कमी वीज खाणाऱ्या पॉवर अँप्लिफायरवर ती बिनतक्रार चालते, अँप्लिफायर बदलावा लागत नाही. सीपीएम कागदावर तिच्याहून सरस, पण रिसीव्हर क्लिष्ट होतो आणि सिग्नल तुटला की परत जुळायला वेळ लागतो, आणि चाचणीतलं विमान तर गिरक्याच घेत असतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, पट्टा वाचवला की किंमत दुसरीकडे द्यावीच लागते. विमानाला सहसा वर एक आणि खाली एक असे दोन अँटेना असतात, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी जमिनीकडे बघत राहतो. पण दोन्हींतून एकच सिग्नल गेला तर काही कोनांत ते एकमेकांना मारतात आणि नेमक्या कसरतीच्या वेळी डेटा गायब. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरल्या तर प्रश्न सुटतो पण पट्टा दुप्पट जातो, मग काटकसर कसली? यावरचा उपाय म्हणजे स्पेस-टाइम कोडिंग, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन अँटेनांतून वेगवेगळ्या क्रमाने कोड केलेले बिट पाठवायचे, म्हणजे रिसीव्हर ते वेगळे काढू शकतो. जोडीला एलडीपीसीसारखं चूक दुरुस्त करणारं कोडिंग, त्याचे जादा बिट थोडी रुंदी खातात पण कमकुवत सिग्नलही वाचता येतो.

खरी उधळपट्टी मात्र वेळेची होते असं माझं मत. पारंपरिक टेलीमेट्री एकतर्फी आणि अखंड, एका विमानाला एक चॅनेल दिलं की ते विमान नुसतं चाचणीच्या जागेकडे जात असलं, पाठवण्यासारखं फार काही नसलं, तरी चॅनेल अडलेलंच. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा आयनेट हा प्रकल्प यासाठीच होता, त्यात विमान आणि जमीन यांच्यात दुतर्फा नेटवर्क असतं आणि एकाच चॅनेलवर अनेक विमानांना वेळेचे तुकडे गरजेप्रमाणे वाटता येतात. मधेच डेटा हरवला तर जमिनीवरून विमानातल्या रेकॉर्डरला तेवढाच तुकडा परत मागता येतो, त्यामुळे सगळंच्या सगळं थेट पाठवायचा अट्टाहास उरत नाही.

शिवाय २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेनंतर वरचा सी बँडही या कामाला मिळाला, ४४०० आणि ५०९१ मेगाहर्ट्झच्या पुढचे भाग. तिथे जागा आहे पण तेवढ्याच आकाराच्या डिश अँटेनाचा झोत बराच अरुंद होतो आणि वेगाने वळणाऱ्या विमानावर तो धरून ठेवणं ट्रॅकिंगवाल्यांना जड जातं.