युद्ध-अहवाल प्रसिद्धी (ऑनलाइन रणनीती खेळ)

ऑनलाइन रणनीती खेळात लढाई झाली की तिचा तपशील खेळाचा सर्व्हर स्वतःच तयार करतो. हा तपशील आपल्या गटाबाहेरच्या खेळाडूंसाठी खुला करण्याच्या प्रथेला युद्ध-अहवाल प्रसिद्धी म्हणता येईल. खेळाडूंच्या रोजच्या बोलण्यात तिला ‘रिपोर्ट टाकणे’ एवढेच म्हणतात. ब्राउझरवर चालणाऱ्या जर्मन खेळांमध्ये, म्हणजे ओगेम (२००२), ट्रायबल वॉर्स (२००३, जर्मन नाव ‘डी श्टेमे’) आणि ट्रॅव्हियन (२००४) यांत, ही प्रथा चांगलीच रुजली. तिचे सर्वांत व्यापक रूप मात्र आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ईव्ह ऑनलाइन (२००३) या खेळात दिसते.

या ब्राउझर खेळांत लढाई कुणीच डोळ्यांनी पाहत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे. खेळाडू सैन्य रवाना करतो आणि ते काही तासांनी शत्रूच्या गावावर किंवा ग्रहावर पोहोचते. त्या क्षणी सर्व्हर आकडेमोड करून निकाल लावतो. त्या वेळी हल्लेखोर झोपलेला असेल, बचाव करणारा कचेरीत असेल. दोघांच्याही हाती उरतो तो फक्त अहवाल. त्यामुळे अहवाल ही लढाईची नुसती नोंद राहत नाही. इतरांच्या दृष्टीने जाहीर झाली तीच लढाई झाली, आणि म्हणूनच काय दाखवायचे नि काय झाकायचे हा निर्णयसुद्धा युद्धाचाच भाग होतो.

ट्रायबल वॉर्समध्ये हे फार नेटकेपणाने दिसते. अहवालात दोन्ही बाजूंचे सैन्य आणि त्याची हानी असते, हल्लेखोराचे नशीब (हल्ल्याची ताकद योगायोगाने कमी-जास्त करणारा आकडा, उणे २५ ते अधिक २५ टक्के), मनोधैर्य (आपल्यापेक्षा बऱ्याच लहान खेळाडूवर हल्ला केल्यास ताकद घटवणारा आकडा), तटबंदीची पडझड आणि लूट असते. गाव जिंकायला सरदार पाठवला असेल तर गावाची निष्ठा किती घसरली तेही कळते. एका यशस्वी हल्ल्यात ती २० ते ३५ अंकांनी उतरते आणि शून्यावर आली की गाव हातचे जाते. मात्र हल्लेखोराचा एकही सैनिक परतला नाही, तर बचावात किती सैन्य होते हे त्याला कळतच नाही; त्याच्या अहवालात ती जागा रिकामी राहते. पूर्ण माहिती उरते ती केवळ बचाव करणाऱ्याकडे. अशा वेळी बचाव करणाऱ्याने अहवाल जाहीर केला, तर आपण शत्रूचे किती सैन्य कापले हे जगाला दिसते, पण त्याच वेळी आपल्या गावात किती भालाईत नि तलवारबाज उभे आहेत हेही उघड होते. म्हणून प्रसिद्धीच्या सोयीत स्वतःचे सैन्य, शत्रूचे सैन्य, हानी वगैरे भाग वेगवेगळे झाकता येतात. मुरलेला खेळाडू शत्रूची हानी ठेवतो आणि आपले संख्याबळ गाळतो. वाचणाराही तितकाच मुरलेला असेल, तर कोणता रकाना झाकला आहे यावरून तो अंदाज बांधतो.

ओगेममधील अहवालाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे लढाईनंतरही अवकाशात माल पडून राहतो. लढाई जास्तीत जास्त सहा फेऱ्यांची असते. मूळ नियमांनुसार नष्ट झालेल्या जहाजांच्या बांधणीत लागलेल्या धातू आणि स्फटिकांपैकी ३० टक्के भाग अवशेष म्हणून त्या ग्रहाभोवती तरंगत राहतो. तो कोणीही गोळा करू शकतो, त्यासाठी लढाईत भाग घेतलेला असण्याची गरज नाही.  मोठी लढाई मारलेला खेळाडू निर्देशांकांसह (म्हणजे ग्रहाची जागा सांगणाऱ्या आकड्यांसह) अहवाल लगेच टाकील, तर तिसराच कोणी अवशेष उचलून नेईल. शिवाय विजयी ताफा नेमका केव्हा घरी पोहोचतो याचा हिशेब करून कोणीतरी त्याच्यावर टपून बसेल. या अनुभवातून एक शिस्त तयार झाली : ग्रहाचे निर्देशांक आणि तंत्रज्ञानाच्या पातळ्या काढून टाकायच्या, अवशेष गोळा होऊन ताफा सुखरूप येईपर्यंत थांबायचे, मगच अहवाल खुला करायचा. हे काम हाताने करणे कंटाळवाणे, म्हणून खेळाडूंनीच अहवाल-परिवर्तक लिहिले. कच्चा मजकूर त्यात चिकटवला की संवेदनशील आकडे गळतात, दोन्ही बाजूंना रंग मिळतात आणि तळाशी नफा-तोट्याचा हिशेब येतो. इंधनाचा खर्चही त्यात धरता येत असे.

मोठ्या लढायांची अशी सजवलेली पाने एकत्र ठेवून प्रत्येक विश्वाची (म्हणजे खेळाच्या स्वतंत्र सर्व्हरची) मानाची यादी बनत गेली. एकट्याने केलेला हल्ला आणि अनेकांनी मिळून केलेला हल्ला यांची गणती वेगवेगळी ठेवली जाई, आणि ते योग्यच होते. पाच जणांनी घेरून मारलेल्या ताफ्याचे श्रेय एकट्याच्या कामगिरीशेजारी मांडणे न्याय्य ठरत नाही.

जाहीर अहवालाचे हेतू अनेक असतात. फुशारकी हा उघड हेतू झाला. गटाला नवे खेळाडू मिळवणे, दोलायमान शेजाऱ्याला धाक घालणे, तह मोडल्याचा पुरावा देणे हेही नेहमीचेच. सर्वांत मोलाचा उपयोग मात्र शिकण्याचा आहे, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. तट एवढा उंच असताना इतके सैन्य नेले तर किती परतते, हे नवख्याला नियमांच्या पानापेक्षा दहा खरे अहवाल वाचून लवकर उमगते. पराभवाचे अहवाल त्यासाठी अधिक उपयोगी पडतात, पण ते टाकायला मोठे मन लागते. हरणाऱ्याची खिल्ली उडवणारे शेरे जिथे चालू दिले जातात, तिथे असे अहवाल आटतात आणि नुकसान सगळ्यांचेच होते.

पुराव्याच्या बाबतीत खरी अडचण खोट्या अहवालांची होती. चिकटवलेला मजकूर किंवा पडद्याचे चित्र कोणीही बदलू शकतो. त्यावर उपाय म्हणजे सर्व्हरनेच दिलेला दुवा : तो उघडला की अहवाल थेट खेळातून येतो, मध्ये कुणाचा हात लागत नाही. ईव्ह ऑनलाइनचा प्रवास याच दिशेने झाला. तिथे प्रत्येक नष्ट झालेल्या जहाजामागे ‘किलमेल’ तयार होते : कोणाचे जहाज, त्यात कोणती सामग्री, हल्ल्यात कोण कोण, शेवटचा घाव कोणाचा. सुरुवातीला खेळाडू हा मजकूर हाताने उतरवून ‘किलबोर्ड’वर, म्हणजे अशा नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकत आणि त्यात बनावटही शिरे. पुढे कंपनीने माहिती थेट पुरवण्याची सोय केली आणि झेडकिलबोर्डसारख्या ठिकाणी पडताळलेल्या नोंदी आपोआप जमू लागल्या. एका बाजूने नोंद दिली की ती सगळ्यांना दिसते, त्यामुळे हरणाऱ्याला आपला पराभव झाकणे जवळजवळ अशक्य झाले. याची दुसरी बाजूही आहे. आकडे खराब दिसू नयेत म्हणून काही खेळाडू बरोबरीची लढत टाळतात आणि खात्रीचीच शिकार शोधतात.

ईव्ह ऑनलाइनमधील बी-आर५आरबी या ग्रहमालेतील लढाई (२७–२८ जानेवारी २०१४) या नोंदींमुळेच खेळाबाहेरही पोहोचली. एका ताबाशुल्काचा भरणा चुकला आणि त्यातून सुमारे २१ तासांची झुंज पेटली. तीत ७,५०० हून अधिक खेळाडू उतरले आणि टायटन या सर्वांत मोठ्या वर्गातील ७५ जहाजे नष्ट झाली. जहाजागणिक नोंद असल्याने हानीची बेरीज करता आली आणि कंपनीने तिचे खऱ्या पैशांतील मूल्य ३ लाख डॉलरांच्या घरात मांडले. जगभरच्या बातम्यांत गेला तो हाच आकडा.

मोबाइलवरच्या खेळांनी अहवालाची जागा बऱ्याच अंशी रिप्लेला, म्हणजे झालेली लढाई पडद्यावर पुन्हा दाखवण्याच्या सोयीला, दिली. भारतात, अर्थात महाराष्ट्रातही, अनेकांच्या परिचयाच्या क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये (२०१२) हल्ल्याचा रिप्ले एका बटणाने आपल्या क्लॅनला (गटाला) दाखवता येतो. आकड्यांपेक्षा तो समजायला सोपा, पण टिकायला कच्चा. रिप्लेमध्ये चित्रफीत नसते, खेळाडूच्या चाली साठवलेल्या असतात आणि खेळ त्या पुन्हा खेळून दाखवतो. त्यामुळे खेळाची आवृत्ती बदलली की जुना रिप्ले उघडत नाही. ओगेमच्या जुन्या विश्वांतले, कोणीतरी साध्या मजकुरात उतरवून ठेवलेले अहवाल मात्र आजही वाचता येतात.