भारतीय फुटबॉल: गोल कोण करणार?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. सुरुवातीची आघाडी विंगर लालियनझुआला छांगटेच्या गोलने भारतानेच घेतली होती. त्याआधीच्या, जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया अशा तीन सामन्यांत आपला एकही गोल नव्हता. १९८४ मध्येही, पहिल्यांदा पात्रता फेरी पार करून गेलो तेव्हा, पाटी कोरीच राहिली होती.

अशा वेळी हमखास १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधल्या चौथ्या स्थानाची आठवण निघते. ते खरंच, पण त्या स्पर्धेत भारताने एकच सामना जिंकला होता. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच पार झाली, मग ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं आणि पुढे युगोस्लाव्हिया व बल्गेरिया दोघांकडून हार. मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक करणारा, मूळचा गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा नेव्हिल डिसूझा चार गोलांसह स्पर्धेतल्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीला होता. असा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधोमध पुढे राहून गोल करणारा खेळाडू, आपल्याकडे होता.

तेव्हाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत बचावपटू जर्नैलसिंगच्या डोक्याला टाके पडले, तर रहीमसाहेबांनी त्याला बसवण्याऐवजी पुढे आघाडीला खेळवलं. दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा याच जर्नैलचा. सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी कॅन्सरने रहीम गेले. त्यांची पद्धत त्यांच्या डोक्यातच होती. ती पुढे चालवणारी यंत्रणा महासंघाने उभी केली नाही, आणि माझ्या मते घसरणीचं मूळ इथेच आहे. त्यात देशातले सामने बराच काळ ७० मिनिटांचेच असायचे. बाहेर ९० मिनिटं खेळायची वेळ आली की शेवटी दम तुटायचा.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. पैसा आला, मैदानं सुधारली, पण सुरुवातीला एका संघात मैदानावर सहा-सहा परदेशी खेळाडू असत. ही संख्या नंतर चारवर आली, तरी सेंटर फॉरवर्डची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूलाच देतात. क्लबमालकाला यंदाचा निकाल हवा असतो, त्यात त्याचं काही चुकतं असंही नाही. भारतीय पोरं मग विंगवर, म्हणजे कडेला. खुद्द सुनील छेत्रीही बंगळुरूच्या क्लबकडून परदेशी सेंटर फॉरवर्ड मिकूच्या बाजूला, डावीकडून खेळला आहे.

२०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ हरवताना दोन गोल याच छेत्रीचे होते, तेव्हा तो ३४ वर्षांचा. जून २०२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावं लागलं. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध त्याने गोलही केला, आणि सहा दिवसांनी त्याच मैदानावर पात्रता फेरीचा पहिला सामना बांगलादेशविरुद्ध ०-० सुटला.