गिटारवरचा सी म्हणजे सा नव्हे

पेटीवर हात बसलेली माणसं गिटार हातात घेतात आणि पहिल्याच आठवड्यात वहीत एक तक्ता उतरवतात: सी म्हणजे सा, डी म्हणजे रे, ई म्हणजे ग. शिकवण्याच्या व्हिडिओंतही फ्रेटबोर्डच्या, म्हणजे तारांखालच्या दांडीच्या, चित्रावर सर्रास हेच लिहिलेलं असतं. हा तक्ता चुकीचा आहे आणि एकदा डोक्यात बसला की लवकर निघत नाही.

सरगम तुम्हाला येते, तिच्यावर वेळ घालवत नाही. सा गायकाबरोबर हलतो, एवढंच ध्यानात धरा. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गाणाऱ्याने घसा बसला म्हणून पांढरी एक धरली, तरी सा तो साच, आणि बाकीचे सूर त्याच्यामागून सरकतात. ए, बी, सी ही नावं मात्र जागची हलत नाहीत. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये पाचवी तार (पहिली म्हणजे सर्वांत बारीक) मोकळी छेडली की ए, मग गाणं कुठलंही असो.

मग पेटीवर सीच्या जोडीला काय येतं? पांढरी एक. डी म्हणजे पांढरी दोन, एफ शार्प, म्हणजे एफच्या लगेच वरचा सूर, काळी तीन, ए म्हणजे पांढरी सहा. पट्टीची ही नावं आपल्याकडे साथीदारांच्या तोंडी रोज असतात, आणि अक्षरांशी नातं जुळतं ते त्यांचंच. हे सोडून लोक सरगमकडे का धावतात, ते मला कधीच पटलेलं नाही. फ्रान्स-इटलीत दो-रे-मी ही नावं ठरावीक सुरांना कायमची चिकटलेली असतात. आपली सरगम तशी नाही.

आता गिटार घ्या. पाचव्या तारेचा तिसरा फ्रेट, म्हणजे दांडीवरचं तिसरं घर, दाबा. हा सी. याला सा माना आणि वर चढा: त्याच तारेवर पाचव्या फ्रेटवर रे, चौथ्या तारेवर दुसऱ्यावर ग, तिसऱ्यावर म, पाचव्यावर प, तिसऱ्या तारेवर दुसऱ्यावर ध, चौथ्यावर नी, पाचव्यावर वरचा सा. बोटांची हीच ठेवण जशीच्या तशी दोन फ्रेट पुढे सरकवा. कानाला तीच सरगम ऐकू येईल. अक्षरं मात्र बदलली: सा आता डी, रे ई, आणि ग झाला एफ शार्प. ज्याने 'ग म्हणजे ई' पाठ केलंय, तो नेमका इथे अडकतो.

याच घोळाचं दुसरं पिल्लू म्हणजे 'कोमल म्हणजे फ्लॅट, तीव्र म्हणजे शार्प'. सा डीवर असताना शुद्ध ग हा एफ शार्प आहे, नावात शार्प असूनही शुद्ध. आणि कोमल ग हा साधा एफ, पांढरी चार. कोमल-तीव्र हे साच्या हिशेबाने ठरतं. शार्प-फ्लॅट हे अक्षराच्या हिशेबाने: शार्प लगेच वरचा, फ्लॅट लगेच खालचा. पेटीवर बरेच जण पांढरी एकवरून शिकतात, तिथे कोमल आणि तीव्र नेमके काळ्या पट्ट्यांवर पडतात, म्हणून हा गैरसमज वर्षानुवर्षं टिकतो.

बाकी किरकोळ. ई-एफ आणि बी-सी शेजारी-शेजारी, मध्ये काही नाही, पेटीवर तीन-चारच्या मध्ये काळी नसते तसंच. बाराव्या फ्रेटवर मोकळ्या तारेचंच नाव परत येतं.

फ्रेटबोर्डवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. डोळा वाचत राहतो, हात शिकत नाही. सहावी आणि पाचवी तार आधी पाठ करा, अक्षर मोठ्याने म्हणत. सरगमसुद्धा म्हणा, पण तिची बैठक वेगळी ठेवा. आणि रोज एक काम करा: कुठलीही पट्टी मनात धरा, समजा काळी चार. म्हणजे जी शार्प, सहाव्या तारेचा चौथा फ्रेट. तिथे सा धरून वरचीच ठेवण सहाव्या तारेवरून वाजवा, सीच्या वेळचा प्रत्येक फ्रेट एकाने वाढवून: सहावीवर चार, सहा, पाचवीवर तीन, चार, सहा, चौथीवर तीन, पाच, सहा. मग प्रत्येक सुराचं अक्षर सांगा. पाचवीच्या तिसऱ्यावर सी येईल, आणि तो इथे ग आहे.