मळी सोडली म्हणजे नक्की काय सोडलं?

सीना नदीच्या डोहात मासे तरंगले की दुसऱ्या दिवशी सोलापुरात बोललं जाणार ते ठरलेलंच: 'कारखान्याने मळी सोडली.' त्यावर साखर कारखान्याचा माणूस शांतपणे सांगतो, 'मळीचा एक थेंब आमच्याकडून गेलेला नाही.' तो खरंही बोलत असू शकतो. मळी हा पैशाचा माल, ती मुद्दाम ओढ्याला सोडायला कोण खुळा बसलाय? मासे मारणारं पाणी बहुतेकदा डिस्टिलरीचं, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या प्रकल्पाचं असतं आणि त्याला स्पेंटवॉश म्हणतात.

घोळ आपल्या बोलण्यातच आहे. मोहोळ-माढ्याकडचा शेतकरी ट्रॉली भरून जी 'मळी' रानात टाकतो, ती तिसरीच वस्तू. उसाचा रस चुना घालून निवळताना खाली बसणारा गाळ म्हणजे प्रेसमड. ओली टाकली तर तापते म्हणून आधी कुजवतात. तिच्यावर मासे मारल्याचा आळ नको.

कारखान्याच्या हिशेबातली मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून झाल्यावर उरलेला काळा, चिकट पाक. परवडेल तेवढी साखर काढून झाल्यावरची ही 'सी हेवी' मळी टनभर उसामागे साधारण ४० ते ४५ किलो निघते. तिच्यात साखर बरीच असते, पण तिचे दाणे पाडणं परवडत नाही. मग यीस्ट घालून ती आंबवायची आणि उकळून अल्कोहोल काढायचं. एक टन सी हेवी मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास इथेनॉल मिळतं. आधीच थांबून काढलेल्या 'बी हेवी'त साखर जास्त राहते, म्हणून तिचा उतारा तीनशेच्या घरात जातो.

अल्कोहोल निघून गेल्यावर भांड्याच्या तळाशी जे राहतं तो स्पेंटवॉश: गडद तपकिरी, आंबट, वाफाळता. लिटरभर अल्कोहोलमागे तो ८ ते १५ लिटर निघतो. म्हणजे रोज ६० हजार लिटर अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत दिवसाला पाच ते नऊ लाख लिटर. त्यातला सेंद्रिय मैला कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे बीओडी, लिटरमागे चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम. नदीत सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! नदीतला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात आणि मासे वर येऊन तोंड वासतात. विहिरीत झिरपला तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं आणि तो रंग लवकर जात नाही. मळीची टाकी फुटून ओढ्याला लागली तरी मासे मरतीलच, पण तो अपघात. स्पेंटवॉश मात्र रोजच्या रोज तयार होतो.

नियमाप्रमाणे डिस्टिलरीने त्याचा एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. आधी बंद टाकीत कुजवून गॅस काढायचा, तो बॉयलरला वापरायचा. उरलेलं पाणी आटवायचं. त्यापुढे दोन वाटा. एक, ते प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करायचं; इथे आपल्या दोन 'मळ्या' खरोखरच एकत्र येतात. पण यार्डाची जमीन पक्की हवी आणि पावसाळ्यात हे काम बंद ठेवावं लागतं. दुसरी वाट, आणखी दाट करून भुशाबरोबर किंवा कोळशाबरोबर बॉयलरमध्ये जाळायचं. त्या राखेत पोटॅश असतं. उसाने आपल्याच रानातून उचललेलं पोटॅश खत होऊन पुन्हा रानात येतं. मला ही दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते, कारण अवकाळी पावसात कंपोस्टचा ढीग धुऊन निघतो, बॉयलर नाही. खर्च मात्र मोठा आहे, आणि तिथेच बरेच जण अडतात.

गाळप बंद असताना एप्रिल-मेमध्ये पाणी काळं झालं तर 'कारखाना तर बंद आहे' या उत्तरावर गप्प बसू नये. हंगामात साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी पुढेही चालू राहते. त्याच दिवसांत सीना-भीमेला धार नसते, त्यामुळे मासे मारायला थोडा स्पेंटवॉशही पुरतो. हत्तरसंग कुडलच्या सीना-भीमा संगमापर्यंत तो डोहाडोहातून सरकत जातो.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज करताना 'मळीमिश्रित पाणी' लिहू नका. 'डिस्टिलरीचा स्पेंटवॉश' लिहा, तारीख-वेळ टाका आणि वास, रंग, पाणी गरम होतं का, तेही लिहा. नमुना त्याच दिवशी घ्या म्हणावं. उजनी धरणाचं पाणी सुटलं की सगळं वाहून जातं.