शेकरूला झाडं नव्हे, भिडलेल्या फांद्या लागतात

'सप्तरंगी खारी'चा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा फिरायला लागलाय. जांभळी पाठ, केशरी पोट, निळसर शेपूट. आमच्या सोलापूरच्या एका ग्रुपवर निम्म्या लोकांनी हात जोडले, उरलेल्यांनी 'एआय आहे' म्हणून सोडून दिलं. प्राणी खरा आहे, रंग तेवढे मोबाइलमध्ये चढवलेले. तो आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी, शेकरू. खरा रंग तांबूस-तपकिरी, कुठे काळपट, पोटाला पिवळट. तोही काही कमी देखणा नाही.

सोलापुरात शेकरू नाही. पण ज्या भीमेचं पाणी उजनीत अडवून आपण पितो, ती भीमाशंकरला उगम पावते आणि तिथलं अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठीच १९८५ साली जाहीर झालं. आपल्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस झाला तरी लोक खूश. तिथे तीन हजारांच्या आसपास पडतो. त्या पावसावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांचं सदाहरित रान उभं आहे. शेकरूचा दिवस त्याच्या शेंड्यांवर जातो. जमिनीवर ते क्वचितच उतरतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट, त्याचं घरटं. काटक्या-पानांचा मोठा गोळा, तोही फांदीच्या पार टोकाला. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं. पण बुंध्याजवळची भक्कम जागा सोडून टोकाला का? एका बाजूने पक्क्या असलेल्या दांडीच्या टोकावर वजन ठेवलं, की तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या पटीत वाढतं. लांबी दुप्पट, तर वाकणं आठपट. जाडी निम्मी झाली तर सोळापट! म्हणजे लांबी दुप्पट आणि जाडी निम्मी असेल, तर तेच वजन १२८ पट वाकवतं. (फांदी टोकाकडे निमुळती असते, त्यामुळे हिशेब इतका सरळ नाही, पण दिशा हीच.) दीड-दोन किलोचं शेकरू जिथे निवांत झोपतं, तिथे पन्नास किलोच्या बिबट्याला पाऊल टाकायची सोय नाही.

खाताना बसण्याची तऱ्हाही याच गणितातली. आपल्या अंगणातली खार शेपूट पाठीवर घेऊन बसते. शेकरू फांदीला आडवं होतं, एकीकडे डोकं आणि दुसरीकडे लांब शेपूट, खांद्यावरच्या कावडीसारखं. दोन्हीकडचं वजन तोलून धरलं, की पुढचे पाय फळ धरायला मोकळे.

लवचीक फांदीची अडचण मात्र उडी मारताना कळते. रेटा द्यावा तर फांदीच खाली जाते, जोर वाया. सहा मीटरची झेप घेतं हे खरं, पण दर वेळी नाही. म्हणून घरटं जिथे शेजारच्या झाडाच्या फांद्या येऊन भिडतात तिथे असतं. साप किंवा गरुड आला तर उडी न मारता पलीकडे सटकता येतं.

आता धोका कुठे, ते वेगळं सांगायला नको. भाताच्या राबासाठी (रोपं टाकायची जमीन भाजायला) फांद्या छाटल्या, मधून रस्ता रुंद केला, की झाडं मोजणीत तेवढीच भरतात, पण शेकरूची वाट तुटते. जमिनीवर उतरलं तर कुत्री आहेतच. देवाच्या भीतीने का होईना, देवरायांमध्ये कुणी कोयता चालवला नाही, म्हणून तिथे शेंडे अजून जुळलेले आहेत. भीती संपली तरी तोड होऊ नये, असं कारण लोकांना द्यायला हवं. नवसाच्या भरवशावर जंगल फार दिवस टिकत नाही.

आणि 'एक कोटी रोपं' वगैरे घोषणांचं म्हणाल, तर खड्ड्यातलं वीतभर रोप शेकरूच्या पिढ्यान्‌पिढ्या उपयोगाचं नसतं. आपल्याकडे तर उलटाच घोळ. सोलापूरजवळचं नान्नजचं माळरान माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं, आता तो तिथे क्वचितच दिसतो. तिथे दाट झाडी लावली तर तो पार हद्दपार होईल. भीमाशंकरला फांदीवर फांदी हवी, नान्नजला मोकळं गवत. वृक्षारोपणाच्या फ्लेक्सवर मात्र दोन्हीकडे तीच रोपं आणि तोच फोटो.