वळ सारखे दिसले तरी

दंडावरचा वळ पाहून काहीच ठरवता येत नाही. नाशिकमध्ये जोडप्यांच्या समुपदेशनाचं काम करताना मला हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि तेही अगदी वेगळ्या माणसांना. गंगापूर रोडच्या चांगल्या फ्लॅटमधली शिकलेली बाई येते. नवरा रात्री मारतो आणि वर म्हणतो, "ही माझी आवड आहे, हल्ली सगळे करतात, तूच जुनाट." मग सातपूरचं एखादं तरुण जोडपं येतं. दोघांना राजीखुशीने बांधणं, चापट मारणं, हुकूम देणं-घेणं आवडतं आणि आपल्यात मोठा बिघाड आहे या भीतीने दोघंही खंगलेली असतात. बाईला वाटतं, आपण सहन करायला शिकलं पाहिजे. जोडप्याला वाटतं, आपण गुन्हेगार आहोत. संमतीचा सॅडोमॅसोकिझम आणि अत्याचार ही एकाच गोष्टीची कमी-जास्त मात्रा आहे, असं सगळेच धरून चाललेले असतात. मला ते मान्य नाही.

सॅडोमॅसोकिझम म्हणजे वेदना देण्यात किंवा घेण्यात, ताबा ठेवण्यात किंवा सोपवण्यात मिळणारं लैंगिक सुख. ऑस्ट्रियातले मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ नंतरच्या आपल्या लेखनात मार्की द साद आणि झाखर-मासोख या दोन लेखकांच्या नावांवरून या प्रवृत्तींची वैद्यकीय वर्गवारी रूढ केली. तेव्हापासून शंभरेक वर्षं हा सरसकट आजारच मानला गेला.

गोष्ट मात्र त्याहून फार जुनी आहे, आणि आपल्याकडचीही आहे. कामसूत्रात नखांच्या खुणा, दातांच्या खुणा आणि प्रणयातले प्रहार यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. प्रहारांच्या प्रकरणात वात्स्यायन थांबून इशारा देतो. चोल राजाच्या प्रहाराने चित्रसेना ही गणिका मेली, कुंतल सातकर्णी सातवाहनाच्या 'कर्तरी' नावाच्या प्रहाराने महाराणी मलयवती मेली, हे तो नावानिशी नोंदवतो. सातवाहन म्हटलं की नाशिककरांना पांडवलेणी आठवतात. गौतमीपुत्र सातकर्णीचं गुणगान करणारा त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख तिथल्या तिसऱ्या लेण्यात आहे. त्याच कुळातल्या एका राणीचा मृत्यू या ग्रंथात धोक्याचं उदाहरण म्हणून आला आहे. भरधाव घोड्याला वाटेतला खड्डा दिसत नाही, तसं आवेगात माणसाला भान राहत नाही, असं वात्स्यायन म्हणतो. म्हणून समोरच्याचं नाजूकपण आणि ताकद ओळखूनच वागावं. दक्षिणेतले काही जोरकस प्रहार तर तो सरळ त्याज्य ठरवतो. म्हणजे प्रहाराला जागा आहे आणि मर्यादाही आहे, हे दोन्ही त्याने एकाच प्रकरणात लिहून ठेवलं. "हे सगळं बाहेरून आलं" असं म्हणणाऱ्यांनी ते प्रकरण वाचायला हवं.

आता फरकाकडे येते. संमतीच्या व्यवहारात बोलणं आधी होतं. काय चालेल, काय अजिबात नाही, कुठे जुनं दुखणं आहे, हे दोघं शांत डोक्याने, दारू न पिता ठरवतात. थांबण्यासाठी एक शब्द ठरलेला असतो. बरेच जण सिग्नलचे रंग वापरतात: पिवळा म्हणजे हळू, लाल म्हणजे लगेच बंद. तोंड बांधलेलं असेल तर हातातली वस्तू खाली टाकायची, अशी खूण ठरते. नंतर जवळ बसणं, पाणी देणं, विचारपूस करणं, हाही त्याचाच भाग. यातल्या एकाला नुसतं सुख हवं असेल आणि नंतरची काळजी नको असेल, तर मी त्या जोडप्याला तिथेच थांबवते.

अत्याचारात यातलं काही नसतं. पण माझ्या मते खरी ओळख आणखी एका ठिकाणी पटते: कोण कोणाकडे लक्ष ठेवून आहे? राजीखुशीच्या खेळात हुकूम देणारा समोरच्याचा श्वास, चेहरा, हातांचा रंग सतत न्याहाळत असतो. अत्याचाराच्या घरात मार खाणारी व्यक्ती मारणाऱ्याला न्याहाळत असते. जिन्यावरची पावलं कशी वाजली, गाडीची किल्ली कशी आपटली, आज मूड कसा आहे, यावर तिची अख्खी संध्याकाळ ठरते. आणि ते शयनगृहापुरतं राहत नाही. पैसे, मोबाइल, माहेरचे फोन, सगळ्यांवर पहारा बसतो.

म्हणून मी वळांबद्दल नंतर विचारते. आधी विचारते, "मागच्या वेळी नको म्हणालात तेव्हा काय झालं?" जोडपं एकमेकांकडे पाहून सांगतं, "थांबलो, चहा केला, झोपलो." दुसऱ्या घरातलं उत्तर असतं, "मी नको म्हणतच नाही." ते उत्तर ऐकलं की मला पुढचं बरंचसं कळतं. ज्या होकारामागे अबोला, शिवीगाळ, व्हिडिओ पसरवण्याची धमकी किंवा घरखर्च बंद होण्याची भीती असते, त्याला मी होकार धरत नाही.

कायदाही भीतीने दिलेली संमती मानत नाही; भारतीय न्याय संहितेचं कलम २८ तेच सांगतं. कलम २५ प्रमाणे अठरा वर्षांवरील व्यक्ती इजेचा धोका संमतीने पत्करू शकते, पण मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा हेतू वा तशी जाणीव असेल तर हा बचाव लागू होत नाही. तिथलं उदाहरण तलवारबाजीच्या खेळाचं आहे, शयनगृहाचं नाही. ब्रिटनमध्ये हा प्रश्न थेट न्यायालयात गेला आणि १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील न्यायपीठाने, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवलं की प्रत्यक्ष शारीरिक इजा झाली असेल तर अशा प्रकरणात संमती हा बचाव नाही. आपल्याकडे बायकोच्या बाजूने एक मोठी उणीव राहिली आहे: अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे. तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ स्पष्टपणे येतो, आणि क्रूरतेसाठी न्याय संहितेचं कलम ८५ आहे. "नवराच आहे, काय करणार" असं म्हणून परत पाठवणाऱ्याचं ऐकू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

वैद्यकशास्त्राने आपली भूमिका बदलली आहे. २०१३ च्या अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाने आवड आणि विकार वेगळे केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात संमतीचा सॅडोमॅसोकिझम आजारांच्या यादीत नाही, संमती नसलेल्यावर केलेला लैंगिक छळ मात्र विकार म्हणून कायम आहे. मी आधी सांगितलेली रेघ तिथेही तशीच ओढलेली आहे. समाजाने ती अजून ओढलेली नाही. घरात या विषयावर बोलणं नाही, बातमीत आला तर गुन्ह्याच्या पानावर. त्यामुळे सातपूरचं ते जोडपं मनगट सुजलं तरी डॉक्टरकडे जात नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं.

आणि एक गोष्ट दोन्ही घरांना सारखीच लागू आहे. गळा दाबणं. मोबाइलवर पाहून तरुण मुलं हे सहज करू लागली आहेत. याची सुरक्षित पद्धत नाही. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं की काही सेकंदांत शुद्ध जाते, आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर पक्षाघात काही दिवसांनीही येऊ शकतो. गळ्यावर खूण नसली तरी. आवाज बसला, गिळताना दुखलं, डोकं ठणकलं, दिसणं धूसर झालं, एक बाजू लुळी वाटली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा आणि गळा दाबला गेला होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, तो कोणी आणि का दाबला होता हे सांगायचं धैर्य अजून नसलं तरीही.